अर्धा राहिलेला डाव

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती. दुकानदार त्यांना समजावत होता.

"काका, लिनक्स काढून जुनी विंडोज परत टाकून देतो. पण आधीचं जे पुसलं गेलंय, ते काही येणार नाही."

"मग कशाला टाकायची? बाबा, मी लिनक्स टाकल्यापासून कॉम्प्युटर किती पटकन सुरू होतो! आधी चहा होईपर्यंत नुसतं गोल फिरत बसायचं."

"चांगलंच आहे गं. मी कुठे तक्रार करतोय?"

"फोटो सगळे आधीच काढून ठेवले होते मी."

"हो, मिळाले."

"मग गेलं काय?"

"तुझ्या आईचा डाव."

"कसला डाव?"

"पत्त्यांचा. दवाखान्यात निघाली तेव्हा अर्धा राहिला होता. आल्यावर पुरा करते म्हणाली. मी रोज तिच्या नावावर क्लिक करून तो उघडायचो, बघायचो आणि बंद करायचो."

"मला वाटलं, आईचं खातं आता कोण उघडतंय... एकदा विचारायला हवं होतं मी."

"मी तरी कुठे सांगितलं होतं?"

"काका, पत्त्यांचा खेळ लिनक्सवरही आहे. आत्ता टाकून देतो."

"त्यात नवा डाव येणार ना?"

"हो, नवाच."

"मग राहू द्या."

"बाबा, तुम्ही तो कधी पुढे खेळला नाहीत?"

"बदामची सत्ती सरळ किलवरच्या अठ्ठीवर जात होती. पण हात नाही लावला. मध्येच कोणी सुचवलेलं तिला आवडायचं नाही."