व्याह्यांचा मुक्काम

मालकीण : खोली अगदी तयार आहे. मोठा पलंग, खिडकीतून थेट समुद्र. सध्या गर्दी नाही, त्यामुळे निवांतपणा हवा असलेल्या जोडप्यांना तर...

विहीण : थांबा, थांबा. जोडपं कुठलं? मी फोनवर दोन खोल्या सांगितल्या होत्या.

मालकीण : अगंबाई! मला वाटलं, एक तुम्हा दोघांची आणि एक मागून येणाऱ्या मुलांची.

विहीण : मागून कोणी येत नाही. आणि हे माझे व्याही आहेत. माझा नवरा जाऊन कैक वर्षं झाली. हे ऐकलं असतं तर हसून हसून पुन्हा गेला असता.

मालकीण : माफ करा हं. म्हणजे तुमची मुलगी यांच्याकडे दिलेली?

विहीण : उलटं. यांची मुलगी आमची सून.

व्याही : होती.

मालकीण : अरेरे. मी उगाच...

व्याही : संकोचू नका. तुम्ही सहज विचारलंत. मला मळ्याकडची खोली द्या. समुद्र विहीणबाईंना असू दे.

मालकीण : देते की. पण तिकडे छाटणी चालली आहे. सकाळपासून माणसांचे आवाज येतात.

व्याही : येऊ देत. घरी आवाजच नसतात.

(सामान खोल्यांत ठेवून दोघे व्हरांड्यात येऊन बसतात. समोर छाटलेल्या द्राक्षवेलींच्या ओळी, त्यांच्या टोकाशी दुपारचा समुद्र.)

विहीण : इकडे सरका, ऊन येतंय तुमच्यावर. काय बघताय एवढं?

व्याही : ओळी दोरी धरून आखलेल्या दिसतात. केवळ ती शेवटची, समुद्राकडची, किंचित ढळली आहे.

विहीण : निवृत्त झालात, पण मोजणी काही सुटत नाही.

व्याही : आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. डोळ्यांना दुसरं वळण नाही. विहीणबाई, आता सांगा.

विहीण : काय सांगू?

व्याही : ज्यासाठी मला इथे आणलंत ते. ऐन लग्नसराईत शिवणाचं दुकान बंद ठेवून समुद्राची हवा खायला निघणाऱ्यांतल्या तुम्ही नाही.

विहीण : अहो, जरा दम तर घेऊ द्या.

व्याही : दम घेतल्याने अवघड गोष्ट सोपी होत नाही. ती नुसती लांबते.

विहीण : बरं बाबा. तुमच्या घरी मला हे बोलता आलं नसतं. बैठकीत तुमच्या लेकीचा फोटो आहे. कुठेही बसा, माझ्याकडेच बघते. आमच्या घरी चिमी. सात वर्षांची पोर, पण भिंतीपलीकडचं ऐकते. म्हटलं, जिथे तुमच्या लेकीचं काहीच नाही अशा जागी जावं.

व्याही : योग्य केलंत.

विहीण : माझ्या मुलाला... एक मुलगी आवडली आहे. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. चिमीला चष्मा लागला ना, तेव्हा ओळख झाली.

व्याही : लग्न करतो आहे.

विहीण : करावं म्हणतोय. चोरून काही नाही हं त्यात.

व्याही : तसं मी म्हणणारही नाही. तिच्या शेवटच्या आजारात तो अंथरुणाशेजारी कसा बसून होता, ते मी पाहिलं आहे. त्याला बोल लावायला माझ्यापाशी शब्द नाही. पण मन मात्र म्हणतं, इतक्यात?

विहीण : म्हणू द्या मनाला. माझंही तेच म्हणालं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मशीनवर सुई मोडली, तो रागही त्याच्यावरच काढला.

व्याही : मग?

विहीण : मग एकदा जेवताना तो कशालातरी हसला. चिमी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, बाबा हसले." जणू चोर पकडलाय. त्या दिवशी मला कळलं, आमच्या घरात हसणं म्हणजे गुन्हा झाला होता हो.

व्याही : माझ्याकडे अजून संध्याकाळी फाटक वाजलं की मी दोन पावलं पुढे जातो. तिला उशीर झाला की मी फाटकाशीच उभा असे. तीन वर्षं झाली, पायांना कोणी सांगितलेलं नाही.

विहीण : ठाऊक आहे मला.

व्याही : चिमी त्या मुलीला काय म्हणते? आई?

विहीण : नाही. नावाने हाक मारते. तीच म्हणाली चिमीला, "आई ही हाक दिलेली आहे, माझ्यासाठी दुसरी शोधू."

व्याही : असं म्हणाली? ... थोडी वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

विहीण : वाईट असती तर मीच हाकलली असती, तुमच्यापर्यंत कशाला आणते?

व्याही : तेही खरं. विहीणबाई, माझी संमती आहे. आणि मी तुमचा ऋणी आहे. गाडी करून, आब राखून, समुद्रासमोर बसवून सांगितलंत. निरोप कसा द्यावा हे तुम्हाला उमगतं.

विहीण : निरोप? कसला निरोप?

व्याही : हद्द मोजणाऱ्याला हद्द दाखवावी लागत नाही. मुलीच्या नात्याने मी तुमच्या उंबऱ्यात येत होतो. आता तिच्या जागी दुसरी येईल, तिचे आईवडील येतील. चारचौघांत मला कोण म्हणून सांगाल? सुटीत चिमीला माझ्याकडे पाठवत जा, एवढीच विनंती करणार होतो.

विहीण : काय माणूस आहात हो तुम्ही! म्हणून गाडीत तोंडातून अक्षर नाही?

व्याही : मनाची तयारी करत होतो.

विहीण : आणि तिकडे तो पोरगा नखं कुरतडत बसलाय! मला म्हणाला, "बाबा नाही म्हणाले तर विषय संपला." मी म्हटलं, का रे, त्यांच्या परवानगीने जगतोस का? तर म्हणाला, "दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. कधी दिवा बदलतो, कधी कपाटाची बिजागरी बसवतो. लग्न केलं तर कुठल्या तोंडाने जाऊ? वडील एकदा गेलेत माझे. पुन्हा जायला नकोत."

(व्याही उठून व्हरांड्याच्या कठड्याशी जातात.)

विहीण : आता बोला की. मघाशी मोठमोठं बोलत होतात.

व्याही : त्या बिजागऱ्या मीच सैल करत असे.

विहीण : काय?

व्याही : शनिवारी. स्क्रूड्रायव्हर घेऊन. वाटायचं, घरात काम उरलं नाही तर त्याने कोणत्या निमित्ताने यावं?

विहीण : अगं आई गं! अहो, त्याला माहीत आहे ते.

व्याही : शक्य नाही.

विहीण : मागे एकदा हसत घरी आला. म्हणाला, "बाबा या वेळी स्क्रू काढून खिशातच विसरले. मी दुकानातून नवे आणून लावले."

व्याही : आणि मला काही बोलला नाही.

विहीण : तो का बोलेल? यायला तर त्यालाही निमित्त हवंच होतं.

मालकीण : मंडळी, जेवण इथेच मांडू का? वारा सुटलाय, पण छान वाटेल.

व्याही : मांडा. त्याआधी एक सांगा, इथून फोन लागतो का?

मालकीण : त्या टोकाच्या खांबापाशी उभे राहा. तिथेच काय ती रेंज येते.

विहीण : द्या, मी लावते.

व्याही : नको. मला लावू द्या. ... हॅलो. मी बोलतोय.

जावई : बाबा? आई बरी आहे ना?

व्याही : उत्तम आहे. मला हसते आहे. तू रविवारी येणार आहेस ना?

जावई : येतो ना. म्हणजे... तुम्ही म्हणत असाल तर. काही बिघडलंय का घरात?

व्याही : काही नाही. या खेपेला काहीही बिघडणार नाही.

जावई : मग?

व्याही : मग काय? काम असलं तरच यायचं का? चिमीला आण. तिलाही आण.

जावई : बाबा...

व्याही : आणि तेवढं एक तिला विचारून कळव, चहा घेते की कॉफी. माझ्याकडे कॉफी नसते. आणून ठेवावी लागेल.