सापडलेल्या वस्तू : निरंक

माझा जन्म भांडुपचा, टेकडीवरच्या चाळीतला, म्हणजे नळ खाली आणि आम्ही वर. आईवडील देवगडकडचे, बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले, आणि आम्ही तिघी बहिणी, तर कोणी कुठल्या दिवशी किती हंडे चढवायचे याची यादी मी चौथीत असताना केली होती, कॅलेंडरच्या पाठीवर. आई ती शेजारणींना दाखवायची, म्हणायची, आमच्या शुभाचा डोक्या म्हणजे रेशनदुकानाची वही आसा. तेव्हापासून ही सवय. तुम्ही धंद्यातले धडे विचारलेत ना ताई, तर काल भाजी निवडताना मी मनात सात काढून ठेवले होते, क्रमाने सांगणार होते, पण काय सांगू तुम्हाला, पहिल्यावरच अडकायला होतं, कारण पहिला धडा म्हणजे प्रकाश.

प्रकाश माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दहावीला बसलेला, गणितात कच्चा, त्याला मी बसवून शिकवलं, वेळापत्रक करून दिलं, पास झाला तर पेढ्याचा पहिला तुकडा आधी मला भरवला, सासूबाईंना नंतर. सासूबाई चिडल्या होत्या. म्हणजे कसं होतं बघा आमचं.

धंद्याआधी मी शाळेत होते, शाळेच्या ऑफिसात, क्लार्क म्हणून, तीही टेंपररी. तिथे आमचे हेडक्लार्क होते, त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. वर पाठवायच्या तक्त्यात रकाना कधी मोकळा सोडायचा नाही. काही नसेल तर निरंक लिहायचं. मोकळा रकाना म्हणजे उघडं दार, म्हणायचे, कोणीही येऊन काहीही लिहून जाईल. मला तो शब्द इतका आवडला की घरी किराण्याच्या यादीतसुद्धा मी लिहायची, तूरडाळ दोन किलो, साखर निरंक. हे हसायचे. मग मराठी शाळेत मुलंच येईनाशी झाली, वर्ग बंद, शाळा बंद, आणि मी घरी.

प्रकाश तेव्हा एका प्लंबरच्या हाताखाली काम करायचा. एक दिवस जेवताना सांगायला लागला, वहिनी, आज मुलुंडला एक टाकी उघडली, आत काय काय होतं माहितीये, कंगवा, एका पायातली चप्पल आणि कबुतर. मी म्हटलं, अरे जेवतोयस ना. तो म्हणाला, ते पाणी लोक पितायत आणि मी जेवताना बोलायचं पण नाही? आणि मी हातातला घास तसाच ठेवला, कारण माझ्या डोक्यात यादी सुरू झाली होती.

असा धंदा सुरू झाला. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या साफ करायच्या, गच्चीवरची आणि जमिनीखालची. टाक्या धुणारे आधीही होते, पण कागद कोणाकडे नव्हता. मी पंधरा कलमांचा तक्ता केला. आदल्या दिवशी बोर्डावर नोटीस. व्हॉल्व्ह बंद. खालच्या टाकीत उतरायच्या आधी हवा तपासणं, वर एक माणूस दोर धरून उभा. भिंती घासणं, गाळ काढणं, ब्लीचिंग पावडर, परत धुणं. प्रत्येक कलमापुढे बरोबरची खूण करायला चौकोन. आणि शेवटी एक रकाना, सापडलेल्या वस्तू. तो माझ्या हौसेचा. प्रकाशला बजावलं होतं, काही सापडलं नाही तर मोकळा सोडू नकोस, निरंक लिही. तो म्हणाला, निरंक म्हणजे? मी सांगितलं. म्हणाला, झकास शब्द आहे यार वहिनी, काहीच नाही म्हणायला पण केवढा थाट.

पहिली दोन वर्षं तो रकाना वाचायला मजा यायची. चेंडू, चमचा, खेळण्यातला घोडा, एकदा तर दातांची कवळी. मी वाचून दाखवायची आणि घरभर हसणं. सोसायट्या वाढत गेल्या, मुलुंड, भांडुप, घाटकोपर, बावीस झाल्या, चार माणसं ठेवली, सगळी प्रकाशच्या हाताखाली. मी घरून फोन, तारखा, तक्ते, फाइली. तक्ता बघूनच सेक्रेटरी लोक हो म्हणायचे. आणि हळूहळू त्या शेवटच्या रकान्यात निरंक यायला लागलं. निरंक, निरंक, निरंक. मला वाटलं, बघा, दर सहा महिन्यांनी आपण साफ करतो म्हणून आता टाक्याच स्वच्छ राहतात. मी हे लोकांना अभिमानाने सांगायची हो. फोटो? फोटोही यायचे व्हॉट्सॲपवर, पण धुतलेल्या सगळ्या टाक्या आतून सारख्याच दिसतात.

मुलुंडच्या एका सोसायटीत शहाबेन सेक्रेटरी. रोज सकाळी गच्चीवर सूर्याला पाणी देणाऱ्या. त्यांचा फोन आला, फार गोड आवाजात, शुभांगीबेन, वाईट नका मानू, पण तुमच्या माणसाने माझा लोटा ठेवून घेतला. तांब्याचा आहे, सासूचं नाव कोरलेलं आहे त्याच्यावर. झालं होतं असं की प्लंबर टाकीतला, पाणी अडवणारा फ्लोट बदलत होता, झाकण उघडं होतं आणि यांच्या हातून लोटा टाकीत पडला. घरात नवऱ्याला सांगायची भीती, म्हणून गप्प राहिल्या, म्हटलं महिन्याभरात सफाई आहेच, सापडेल. सफाई झाली, तक्ता आला, तक्त्यात निरंक. मग दुसरं काय समजायचं त्या बाईने?

मी इतकी तापले ताई. माझा दीर काही असेल पण चोर नाही, मी म्हटलं, आत्ता येते, तुमच्यासमोर गच्चीवर बघते, तिथेच कुठे कोपऱ्यात काढून ठेवला असेल. आणि गेले. लिहा तुम्ही हे, नीट लिहा, धंदा सुरू होऊन पाच वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदा टाकीची शिडी चढले. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. वॉचमनने झाकण सरकवलं, मी टॉर्च मारला. पाणी शांत. खाली दोन बोटं गाळ, आणि गाळात लोटा. आडवा पडलेला, अर्धा रुतलेला. शहाबेन खालून विचारतायत, दिसला का, दिसला का.

चोर असता तर बरं झालं असतं हो. चोर निदान आत उतरला असता.

घरी येऊन मी प्रकाशला समोर बसवलं, तक्ता पुढे ठेवला, तो त्याच्याच अक्षरातला. पहिल्यांदा म्हणाला, वहिनी, त्या दिवशी पोरं कमी होती. मग म्हणाला, एखादी राहिली असेल. मी म्हटलं, प्रकाश, मी तुला गणित शिकवलंय. तेव्हा त्याने मान वर केली. म्हणाला, टेंपोत बसल्या बसल्या खुणा करायचो. गच्चीवर जायचं, डबाभर ब्लीचिंग पावडर टाकायची, नळाला वास आला की सगळे खूश. वर्षभर कोणी आजारी पडलं का? कोणी चोरी केली का? मग?

आणि पुढे जे बोलला ते मला अजून टोचतं. म्हणाला, तू एका रविवारी चार टाक्या लावायचीस. मी सांगितलं होतं तुला, दोनच होतात. तू म्हणालीस, यादीप्रमाणे एका टाकीला तीन तास, हिशोब बरोबर बसतो. वहिनी, तू यादी बघितलीस, टाकी कधी बघितलीस?

खरं आहे. चूक माझी, मी तिला चूकच म्हणते. पण मला सांगा, चार होत नाहीत तर चार केल्या असं लिहायचं? माझ्याच हाताने शिकवलेला शब्द माझ्याच तोंडावर मारायचा? मी त्या निरंकवर किती खूश व्हायचे, ते तो समोर बसून बघायचा. गप्प बसून बघायचा.

मग प्रश्न आला बाकीच्या एकवीस सोसायट्यांचा. हे म्हणाले, शुभा, गप्प राहा, पुढच्या खेपेला नीट साफ करू, कोणाला कळणार आहे, सख्खा भाऊ आहे माझा, त्याची अब्रू आहे. मी म्हटलं, आणि ते पाणी? ते म्हणाले, इतके दिवस प्यायलेच ना. वीस वर्षांचा संसार, आणि माणूस असं बोलतो. म्हणजे एक घाव दिराचा आणि त्याच्यावर हा दुसरा.

मी एका कागदावर वाक्य लिहून काढलं, म्हणजे फोनवर अडखळायला नको. आमच्या माणसाने तुमची टाकी धुतली नव्हती, तक्ता खोटा होता, आम्ही या आठवड्यात परत धुऊन देतो, तोवर पाणी उकळून प्या. एकवीस फोन. प्रत्येकापुढे खूण. काही जणांनी शिव्या घातल्या, ते समजू शकते. घाटकोपरचे एक काका म्हणाले, बाई, हे सांगायची काय गरज होती, आता मला मीटिंग बोलवायला लागणार. सगळ्या टाक्या परत धुतल्या, या वेळी प्रत्येक ठिकाणी मी वर. प्रकाश आला नाही. सोळा सोसायट्यांनी धुऊन घेतल्या आणि मग नको म्हणाल्या.

दोन महिन्यांनी घाटकोपरला नातेवाइकांकडे गेले होते, त्याच काकांच्या इमारतीत. खाली बोर्डावर एक तक्ता लावलेला. पंधरा कलमं. मी वाचत गेले. नवव्या कलमात मी ब्लीचिंग हा शब्द ब्लिचींग असा छापला होता, पुढच्या छपाईला सुधारायचं म्हणून ठेवलेलं. तसाच होता. धंद्याचं नाव तेवढं नवीन, खाली सही प्रकाशची. आणि शेवटचा रकाना, सापडलेल्या वस्तू, निरंक. काका भेटले जिन्यात. म्हणाले, तुमच्याच घरचा मुलगा आहे ना, फार चांगला, स्वतः वर चढतो, तुमच्यासारखं घरी बसून नाही. मागाहून कळलं, सोळातल्या अकरा त्याच्याकडे गेल्यात. जिने खरं सांगितलं तिच्याकडून गेल्या आणि ज्याने खोटं लिहिलं त्याच्याकडे गेल्या, आता यातून कुठला धडा काढायचा तो तुम्हीच काढा ताई, माझ्या सातांत हा नव्हता.

माझ्याकडे आता सहा सोसायट्या. दोन माणसं आणि मी. रविवारी दोनच टाक्या. शहाबेन आहेत अजून, त्यांचा लोटा चिंचेने घासून मीच दिला, तर म्हणाल्या, तुमी चढला म्हणून मिळाला. तक्त्यातले चौकोन मी काढून टाकले, आता प्रत्येक कलमापुढे काय दिसलं ते शब्दांत लिहायचं. आणि एक कळलंय, टाकी कधी निरंक नसते. पीस असतं, बटण असतं, निदान पाल्याची एक काडी असते. आत उतरलं की काहीतरी हाताला लागतंच.

प्रकाश गणपतीला येतो. घर एकच, गणपती एकच, येणारच. वाकून पाया पडतो, वहिनी म्हणतो, पूर्वीसारखाच. मी डोक्यावर हात ठेवते, सुखी राहा म्हणते, आणि खोटं नाही म्हणत, हाताने वाढवलेलं माणूस आहे. फक्त मनात पुढे एक ओळ जोडते, दर वर्षी, की देवा, याच्या सोसायट्यांतली माणसं पाणी उकळून पिवोत.