आडव्या वाऱ्याचा कोपरा

अरे, कुवेतला साठ-एकसष्ट साली मला बास्केटबॉलच्या टीममधून काढायलाच निघाले होते! कॅप्टन इब्राहिम तोंडावर म्हणाला, "तुझा चारातला एकही बॉल बास्केटमध्ये पडत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

आमच्या टीमचा हुसेन रत्नागिरीच्या, गलबत हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा. प्रत्येकाचा शॉट वहीत मांडताना तो वारासुद्धा लिहायचा. त्याने वही उघडली. "इब्राहिमभाई, मैदानाच्या समुद्राकडच्या कोपऱ्यातून हा एकटाच मारतो. तिथे वारा आडवा येतो. तुम्ही तिथून एकदाही मारलेला नाही."

"त्यात काय कठीण?" म्हणत इब्राहिमने तिथून दहा मारले. दहाही वाऱ्याने नेले.

तेवढ्यात संध्याकाळची मगरीबची बांग झाली. म्हटलं, आता आजचा खेळ संपला, सुटलो. पण नमाज पढून इब्राहिम परत त्याच कोपऱ्यात उभा.

"हुसेन, वही काढ. लिही, अकरावा!"