आत उघडणारं दार

हसू नका, लाकडाच्या बॉडीची गाडी मी खरंच बनवली होती! भूकंपानंतर लातुरात सगळे सिमेंटकडे वळले, घराला लाकूड कुणी घेईना, माझ्या वखारीत सागवान पडून. मग जुन्या जीपच्या सांगाड्यावर दणकट इंजिन बसवलं आणि घरांची दारं करणाऱ्या गफूरभाईंकडून बिनछताची सागवानी बॉडी करून घेतली. काय झळकत होती म्हणता! एका क्लासचे सर गुणवंतांच्या मिरवणुकीसाठी ती बघायला आले. त्यांना पसंत पडली, तरच माझी वखार तरणार होती.

सर चांगले धिप्पाड. त्यांना पुढे आणि गफूरभाईंना मागे बसवून त्यांच्या क्लाससमोरच्या चौकापर्यंत अशी भन्नाट चक्कर मारली की सर आरोळ्या ठोकू लागले! उतरताना मात्र दार उघडेना. ते आत उघडायचं आणि आत सरांचे गुडघे, त्यावर पोट.

"गफूरभाई, हे काय केलंत?"

"शेठ, घराचं दार कधी बाहेर उघडतंय का?"

शेवटी क्लासच्या पोरांनी सरांना वरूनच उचलून खांद्यावर घेतलं. चौकातल्या लोकांना वाटलं, सत्कार चाललाय. टाळ्यांचा कडकडाट! सरांनी हात जोडले आणि खांद्यावरूनच माझ्याकडे वाकून म्हणाले,

"शेठ, गाडी घेतली. पण दाराला हात लावायचा न्हाई, हां!"