जागेवाल्याचे मनापासून आभार

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, ‘मनापासून आभार!’ अहो, कसले आभार? कुणाचे आभार? बसा, बसा, आधी बसा तुम्ही. आमचा जिना असाच आहे, चढणाऱ्याचा जीव काढल्याशिवाय वर सोडत नाही. पाणी घ्या. आता आलाच आहात तर सगळं ऐकून जा, नाहीतर अर्धवट ऐकाल आणि खाली जाऊन भलतंच सांगाल. या गल्लीत भलतंच सांगितलं की काय होतं, तीच तर गोष्ट आहे!

तर बाजाराच्या एका गल्लीत, घड्याळजीच्या दुकानावरच्या खोल्यांत एक जागेवाला राहायचा. दुसऱ्यांच्या जागा तिसऱ्यांना विकायचा आणि मधल्यामध्ये दलाली घ्यायचा, हा त्याचा धंदा. त्याला एक बायको होती, बायकोला एक आई होती, आणि तिघं राहायची कुठे? भाड्याच्या घरात! निम्म्या गावाला ज्याने घरं मिळवून दिली, तो स्वतः पहिली तारीख आली की तोंड लपवत भाडं भरायचा. सासू कशी होती म्हणता? चांगली होती हो बिचारी. मध्ये मध्ये विचारू नका.

गल्ली त्याला ‘सुवर्णसंधी’ म्हणायची. तोंड उघडलं की तोच शब्द. भिंतीला ओल असली तर म्हणायचा, ‘उन्हाळ्यात थंडगार, साहेब, सुवर्णसंधी!’ खिडकी लागत नसली तर ‘हवेशीर’. शेजारी रोज भांडत असले तर ‘घराला सोबत आहे.’ गिऱ्हाईक भुलायचं, पण बायको भुलायची नाही, ती त्याचा एकेक शब्द ओळखून होती! तो तिला घर दाखवायला न्यायचा आणि दारातच सुरू करायचा, ‘अगं, काय प्रशस्त—’ की ही विचारणार, ‘म्हणजे मागची भिंत नाही, की छप्पर नाही?’ बरं, कधी एखादं खरोखर चांगलं घर हाती आलं आणि याने ते बायकोसाठी बाजूला ठेवलं, तरी समोर गिऱ्हाईक बसलं की याची जीभ सुटायची. संध्याकाळी मान खाली घालून यायचा. ‘विकलंत ना?’ ‘अगं, ते माणूस इतकं खूश झालं...’ स्वतःच्या सासूचं घर, तेसुद्धा असंच! ‘भाव चांगला आलाय, आई, विकून टाकू, लगेच दुसरं घेऊ.’ ते ‘लगेच’ अजून यायचं होतं.

बायकोचं मागणं मोठं नव्हतं. तिला एक खिळा ठोकायचा होता. हसू नका! मालकीणबाई राहायच्या लांब, लेकाकडे, पण त्यांची सक्त ताकीद, भिंतीला खिळा मारायचा नाही. सासूच्या नवऱ्याचा, म्हणजे हिच्या वडिलांचा फोटो होता मोठा, चौकटीतला. तो जुन्या घरातून आला तेव्हापासून ट्रंकेवर भिंतीला टेकून उभा. केर काढताना सरकवा, पाहुणे आले की उचला. जिवंतपणी बिचारा कधी कुणाच्या वाटेत आला नाही, आणि मेल्यावर रोज सगळ्यांच्या पायात! त्या वर्षी थंडी सुरू झाली तशी बायकोने निक्षून सांगितलं, ‘अहो, पुढची थंडी मी दुसऱ्याच्या भिंतीत काढणार नाही. जिथे मला खिळा ठोकता येईल तिथे आईला आणि बाबांना घेऊन जाईन. तुम्ही यायचं तर या.’ आणि ही जे बोलते ते करते. आईवर गेली आहे.

आणि नेमकी धंद्यात मंदी! थंडीत घरं बघायला कोण फिरतं? याने गल्लीतल्या काचेच्या ऑफिसात बसून माशा मारायच्या, तर थंडीत माशाही नाहीत! मग गेला एका सभेला. तिथे सगळे असलेच, जागेवाले. एक टाय लावलेला माणूस माइकवर म्हणाला म्हणे, ‘मित्रांनो! हा हंगाम विक्रीचा नाही, हा हंगाम कृतज्ञतेचा! आपल्या परिसराचे आभार माना! स्थानिक अर्थव्यवस्थेला हात द्या!’ हा घरी आला तो डोळे ओले करूनच. सासूने विचारलं, ‘जावईबापू, ती स्थानिक अर्थव्यवस्था म्हणजे काय हो?’ तर म्हणे, ‘म्हणजे आई, पाव खालच्या पाववाल्याकडून घ्यायचा.’ घ्या! एवढ्यासाठी माइक लागतो? आणि इतकी वर्षं पाव आणायचा कुठून हा? गावाबाहेरच्या मोठ्या दुकानातून, गाडी काढून! त्या दुकानाला जागा कुणी शोधून दिली होती? ...मी काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या काचेवर पाटी लागली, ‘आपली गल्ली, आपली खरेदी.’ आणि खालून मोठ्या अक्षरांत, ‘मनापासून आभार!’

आता आभार मानायचे तर हातात काहीतरी द्यायला हवं. विकत आणायचं तर जिवावर येतं. मग याला आठवल्या कीचेन. तुम्हाला सांगते, याची एक रीत होती. घराचा व्यवहार पुरा झाला, जुन्या मालकाने सामान हलवलं, की नव्या मालकाच्या हातात हा किल्ली द्यायचा, लाल छपराचं इवलंसं घर लटकवलेल्या कीचेनला लावून, आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरून, गळा दाटून म्हणायचा, ‘मनापासून आभार!’ गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, सुवर्णसंधीने लाल छपराची कीचेन काढली की कुणाचं तरी बिऱ्हाड उठलं! पण व्यवहारच होईनात, म्हणून कीचेन पोत्यात पडून होत्या. त्या याने खिशात कोंबल्या आणि निघाला गल्लीत कृतज्ञता वाटत.

पहिला गेला पाववाल्याकडे. हा माणूस कधी दुकानाची पायरी न चढलेला, आज आत येतो, भट्टीकडे बघतो, छताकडे बघतो... आता याला छताकडे बघायची सवय, काय करणार! फळीवरून हात फिरवतो, सुस्कारा सोडतो, म्हणतो, ‘किती वर्षं हो तुम्ही इथे होतात! किती जणांची पोटं भरलीत!’ आणि काढली कीचेन. ‘मनापासून आभार!’

पाववाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. ‘म्हणजे... ठरलं?’

‘अगदी ठरवूनच आलोय!’

‘आणि बाकीचे दुकानदार?’

‘सगळ्यांकडे जायचंय ना! एकालाही सोडणार नाही!’

पाववाला मटकन पिठाच्या पोत्यावर बसला. का बसणार नाही? अख्खी गल्ली मालकीणबाईंची, सगळे दुकानदार भाडेकरू. त्याने ओळखलं, बाईंनी गल्ली विकली! पुढे शिंपीण. हा तिच्याही दुकानात जाऊन म्हणतो, ‘तुमच्या हातची शिलाई आठवत राहील.’ ती गरोदर बाईचा झगा मशीनवर तसाच टाकून रडायला लागली. हा म्हणाला, ‘रडू नका, मलाही भरून आलंय.’ दोघं मिळून रडले! मग घड्याळजी. म्हातारा माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याने कीचेन भिंगाखाली धरली, छप्पर पाहिलं, दार पाहिलं, आणि सरळ भिंतीवरची घड्याळं उतरवायला लागला. जागेवाला घरी आला तो काय खूश! ‘आई, माणसं प्रेमाची किती भुकेली असतात! सगळे रडले!’

सासूने मनात म्हटलं, कुणाचे तरी पैसे अडकलेत. पण जावयाला किती बोलायचं?

आणि मग काय झालं, ऐका. बातमी गावभर! गल्ली विकली, गल्ली पाडणार, तिथे म्हणे गाड्यांचा तळ होणार... आणि गल्लीत ही गर्दी लोटली! जी माणसं वर्षानुवर्षं फिरकली नव्हती ती आली. ‘शेवटचा एकदा तुमच्या हातचा पाव खाऊ दे हो!’ चार चार पाव काखेत मारून रडत जायची. दुपारच्या आत भट्टी रिकामी! शिंपिणीकडे लोक विसरलेल्या विजारी न्यायला आले, त्या त्यांना होईनात, म्हणून नव्या शिवायला टाकून गेले. घड्याळजीने उतरवलेली घड्याळं भिंतीवरून थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत! ‘आठवण म्हणून असू दे!’ जिवंतपणी दुकानाला नमस्कार न करणारे लोक, दुकान मरतंय म्हटल्यावर रांगा लावून हार घालायला आले! आणि आमचे जावई... म्हणजे त्या गोष्टीतला जागेवाला हो... ऑफिसच्या काचेआडून बघतोय, पाटीवरून हात फिरवतोय, आणि धावत वर येऊन सासूला सांगतोय, ‘पाहिलंत, आई? माझी पाटी! याला म्हणतात कृतज्ञता!’

त्याची बायको पाव आणायला खाली गेली होती. ती आली तशी जिन्यावरूनच ओरडत आली, ‘अहो! आपलं घरसुद्धा विकलंत?’

‘मी? काहीच नाही विकलं गं! महिनाभर काही विकलं नाही!’

‘मग सगळ्यांना कीचेन का वाटल्यात?’

‘आभार म्हणून!’

बायको म्हणाली, ‘तुमची कीचेन मिळाली की लोक काय करतात?’

‘नव्या घरात जातात.’

‘आणि जुने?’

जागेवाल्याचा चेहरा असा उतरला, असा उतरला! ‘जाऊन सांगतो सगळ्यांना,’ म्हणून उठला, दारापर्यंत गेला, खाली रांग बघितली, पाववाला घामाने डबडबलेला, हसतोय, रडतोय, पाव देतोय, आणि हा परत येऊन बसला. ‘आज नको. आज त्यांची विक्री चांगली चाललीय.’ बायकोने कपाळावर हात मारला आणि वडिलांचा फोटो चादरीत गुंडाळायला घेतला. ‘मालकीणबाईंच्या कानावर गेलं की आपल्याला आधी बाहेर काढतील. चल आई.’

मालकीणबाईंच्या कानावर गेलं होतंच! घड्याळजीने त्यांना फोन करून हंबरडा फोडला होता, ‘बाई, विकायचं होतं तर तोंडाने सांगायचं, कीचेन काय पाठवता!’ बाई तशाच निघाल्या. जाड कोट, हातात काठी. गल्लीत शिरल्या तर पाय ठेवायला जागा नाही! गर्दीतून रेटत, विचारत, हा जिना चढल्या. चढल्या म्हणजे काय, अर्ध्यावर बसल्या, देवाला हाक मारली, पुन्हा चढल्या. वर येऊन या इथेच टेकल्या, तुम्ही बसलात तिथेच, आणि काठी उगारून म्हणाल्या, ‘कोण तो, माझी गल्ली विकणारा?’ पण दम इतका लागलेला की ओरडता येईना. सासूने पाणी दिलं. पाण्याने राग निम्मा होतो, करून बघा.

जागेवाल्याने सगळं सांगितलं, सभेपासून. बाई हसायला लागल्या! ‘अरे, मी या थंडीत खरंच विकणार होते. म्हटलं, मेलेली गल्ली, ठेवून काय करू? आणि इथे तर जत्रा! आता नाही विकत.’ मग गुडघे चोळत म्हणाल्या, ‘या वरच्या खोल्या मात्र नकोत मला. हा जिना मी जन्मात पुन्हा चढणार नाही. कशी काय आहे ही जागा?’

आणि तुम्हाला सांगते, समोर बायको, बाजूला सासू, आयुष्यात एकदा आलेली वेळ, गप्प बसावं की नाही? तर हा उठला! ‘बाई, जागा? सुवर्णसंधी! उजेड बघा! भिंती बघा कशा जाड! बाजार पायाशी! आज विकायला काढलीत तर उड्या पडतील, वाटेल तो भाव येईल!’ अहो, स्वतःच्याच बायकोला परवडणार नाही असा भाव चढवतोय! बायको चिमटे काढतेय, त्याला कळत नाही! शेवटी सासू उठली, ताजा पावाचा तुकडा घेतला आणि कोंबला त्याच्या तोंडात. ‘खा, जावईबापू. स्थानिक आहे.’

मग बायको बोलली. ‘बाई, उजेड आहे, पण खिडकीला फट आहे, थंडीत वारा पांघरुणात शिरतो. मोरीचं पाणी तुंबतं. छप्पर त्या कोपऱ्यात गळतं, तिथे आम्ही बादली ठेवतो. आणि जिना तुम्ही बघितलात. आणि इथे खिळा ठोकू देत नाहीत.’

बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. ‘जागेबद्दल खरं बोलणारं माणूस या घरात निघेल असं वाटलं नव्हतं. काय देशील?’

बायकोने जमेल तेवढं सांगितलं. आणि तोंडातल्या पावातून जागेवाला काय म्हणाला असेल? ‘बाई, फार कमी होतंय हो!’

सासूने दुसरा तुकडा कोंबला. बाईंनी सौदा मान्य केला, त्याच भावात, आणि म्हणाल्या, ‘कागद हिच्या नावाने. याच्या नावावर राहील तर रविवारपर्यंत विकून मोकळा होईल.’

मग खाली जाऊन बाईंनी पाववाल्याच्या पायरीवर उभं राहून सांगितलं की गल्ली विकलेली नाही, विकणारही नाही. लोकांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या वाजवल्या, मिठ्या मारल्या, म्हणाले, ‘आता आम्ही नेहमी इथेच येणार!’ आणि दुसऱ्या दिवशीपासून गेले पुन्हा गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात. त्यामुळे आता थंडी पडली, धंदा बसला, की पाववालाच येतो जिन्याखाली आणि ओरडतो, ‘सुवर्णसंधी! एकदा कीचेन वाटून जा बाबा!’

पण घर झालं हो. आमचं झालं. आता लपवून काय करू, ती सासू मीच. कागद हातात आले त्या दिवशी लेकीने पहिला खिळा ठोकला, तो वाकडा गेला, मग दुसरा ठोकला, आणि ह्यांना वर लावलं. तो बघा, तिथे. बरं दिसतं ना? इतकी वर्षं पायात, आता डोक्यावर! आणि जावयाने किल्ली लाल छपराच्या कीचेनला लावली, लेकीचे दोन्ही हात धरले, गळा दाटून म्हणाला, ‘मनापासून आभार!’ पहिल्यांदाच त्या कीचेनने आमचं बिऱ्हाड उठलं नाही, बसलं.

तेव्हापासून घरात आम्ही मायलेकींनी पाळी लावून घेतली आहे. दोघींपैकी एकीने कायम इथे थांबायचं. आज माझी पाळी आहे. तुम्ही दारातून आत येता येता छताकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘किती हवेशीर आहे हो,’ तेव्हाच मी ओळखलं तुम्हाला कुणी पाठवलं ते. चहा प्या, पण घर विकायचं नाही. जिना जपून उतरा, पाव खालूनच घ्या, आणि आमच्या जावयाला ऑफिसात जाऊन एवढंच सांगा... सासूबाईंनी मनापासून आभार मानलेत. समजेल त्याला. उद्या पुन्हा कुणाला तरी पाठवेलच म्हणा!