म्युझियमातल्या कुरडया

...नाही, तुम्ही मले एकच गोष्ट सांगा! मे महिना आहे, दुपार कलली आहे, पश्चिमेकडून आभाळ काळंभोर होऊन राहिलं आहे, नाकात धुळीचा वास येऊन राहिला आहे, अन् तुमच्या डोळ्यांसमोर, अंगणात, पांढऱ्या लुगड्यावर ओल्या-ओल्या कुरडया उघड्या पडल्या आहेत... तं तुम्ही काय करान? हात बांधून उभ्या राहान? "वा, काय सुंदर!" म्हणान? नाही नं! धावान नं! मंग मी धावली तं माहं काय चुकलं? अन् तुम्हाले म्हणून सांगते, मी कोणाच्या मधात पडत नाही. माहा तो स्वभावच नाही.

आता तुम्ही म्हणान, कुसुमताई, म्युझियमात कुरडया कुठून आल्या? सांगते. माही पोट्टी देवश्री आपल्या इथल्या, रायपूरच्या त्या आर्ट म्युझियमात नोकरीले आहे. म्हणजे आहे अन् नाही. कच्ची नोकरी. यंदा तिथले मोठे साहेब, भार्गव सर, तिले म्हणाले, "देवश्री, गर्मी वाली प्रदर्शनी पूरी तुम सँभालो. ठीक से निपट गई तो तुमको पक्का कर देंगे." झालं! तेव्हापासून पोट्टीचं जेवणात लक्ष नाही, झोपेचा पत्ता नाही, एका हातानं मोबाइल धरून तुळशीले पाणी घालायले जाते अन् माह्या चपलांवर ओतून येते. मी मराठीत विचारते, ते हिंदीत उत्तर देते. "अवं, दोन घास तं खाऊन जा!" "मम्मी प्लीज़, टाइम नहीं है." लहानपणापासून मम्मीच म्हणते. आई म्हणायले जीभ जड होते का, मले माहीत नाही. अन् उद्घाटनाच्या दिवशी दारातून मले काय बजावून गेली? "आना, पर कुछ छूना मत. और किसी के बीच में मत पड़ना." मले! आता बोला!

गेली मी. चांगली इरकली नेसून, वेळेच्या आधी गेली, म्हटलं पोट्टीले काही मदत लागली तं... आत पाय ठेवला तं असा गारवा, की मले शाल आठवली. अन् प्रदर्शनाचा विषय काय? तं उन्हाळा! अरे बाप्पा, रायपूरच्या माणसाले एसीत नेऊन उन्हाळा दाखवता? बाहेर काय कमी होता? एका खोलीत मधोमध जुना कूलर ठेवलेला. पंखा फिरून राहिला, पाण्याचा थेंब नाही, खस वाळून काड्या झालेली, अन् बाजूले चार शिकलेली माणसं हनुवटीले हात लावून अशी उभी, जशी कोणाच्या घरी मयतीनंतर भेटायले आली. मी शालिग्रामले म्हटलं, शालिग्राम म्हणजे तिथला गार्ड, "भैया, पंप गेला असन. गुढियारीत माह्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे, बोलावू का?" तं तो छत्तीसगढी माणूस, मायले दाई म्हणते; हात जोडून सांगते, "नइ दाई, ए हा कला आय. छूना मना हे." "हव," म्हटलं, "पण गरम हवा फेकून राहिली नं तुही कला!" बस. एवढंच बोलली. पंप काढून नाही पाहिला. म्हणजे पाहिला, पण लगेच ठेवून देला. मी कोणाच्या मधात पडत नाही.

मंग मी मागच्या अंगणात गेली, अन् तिथं त्या कुरडया! चारही बाजूंनी खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. मले वाटलं, बकऱ्यांनी तोंड घालू नये म्हणून बांधली असन. दर रविवारी तिथं एकेका समाजाचा कार्यक्रम होणार होता, छत्तीसगढी बायांचा बोरे-बासीचा, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेल्या भाताचा, मंग सिंध्यांचा, मंग आपल्या मराठी मंडळाचा, असं देवश्री फोनवर बोलताना ऐकलं होतं. तं मले वाटलं, आपल्याच मंडळाच्या बाया कुरडया घालून सरबत प्यायले गेल्या. अन् काय घातल्या होत्या हो! एकेक कुरडई मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी गोल, पांढरी... मी नुसती उभी होती. खरंच नुसती. अर्धी वाळलेली एक उचलून तोंडात टाकली, ते सोडून द्या, ते कोण टाकत नाही?

अन् तेवढ्यात ते आलं. सूं... सूं... करत. झाडं वाकली, कुठला तरी टिनाचा पत्रा खडखडला, डोळ्यात माती गेली, अन् माह्या तोंडून जे निघालं ते मी नाही बोलली, ते माह्या आतून कोणी तरी बोललं, "अवं वारा सुटला वं! कुरडया उचला वंऽऽ!" अन् या गुडघ्यांनी, ज्यांच्यासाठी मी दर महिन्याले तेल आणते, त्या दोरीवरून उडी मारली! लुगड्याचं एक टोक धरलं, दुसरं धरलं, तिसरं दातात धरलं. मागून शालिग्राम ओरडून राहिला, "दाई! ए दाई! छूना मना हे!" मी दातातलं टोक सोडून म्हटलं, "अरे मेल्या, टोक धर आधी!" अन् तुम्हाले सांगते, धरलं त्यानं! त्याच्या घरीही माय असन नं. दोघांनी मिळून चारही टोकं आवळली, गाठोडं केलं, पोटाशी धरलं, अन् मी पळत पळत ओसरीत येऊन अशी उभी राहिली, जशी लढाई जिंकून आली. अन् आभाळाकडे पाहते, तं... थेंब नाही. एक थेंब नाही! वारा आला तसा गेला. ऊन पडलं.

ओसरीत भार्गव सर उभे होते. बाजूले देवश्री. सरांचा चष्मा नाकावर आला होता. "आंटी... ये... ये क्या किया आपने?" म्हटलं, "अहो, भिजल्या असत्या नं!" तं सर असे किंचाळले, "भीगने के लिए ही तो रखे थे!"

आता मले सांगा, कुरडई भिजायले कोण ठेवते? जगात कोणती बाई ठेवते? पण ते घालणारी बाई नव्हतीच. एक निरंजन नावाचा कलाकार होता, आपल्याच रायपूरचा मराठी पोट्टा, आता दिल्लीत राहते, मोठं नाव आहे म्हणतात. त्याची ते कला होती. ऊन, वारा, पाणी, मुंग्या, जे येईल ते येऊ द्यायचं, कोणी हात नाही लावायचा, असा त्याचा करार होता म्युझियमसंगं. दिवे लागायच्या वेळी पाहुणे येणार, अन् त्यांची मुख्य वस्तू माह्या पोटाशी गाठोड्यात! सर देवश्रीकडे वळले. "यही सँभाला तुमने?" फक्त एवढं. पोट्टी माह्यावर ओरडली असती तं बरं झालं असतं. नुसती गाठोड्याकडे पाहून राहिली, अन् लहानपणी पडल्यावर जसा ओठ थरथरायचा, तसा तिचा ओठ थरथरून राहिला होता. खोटं काहून सांगू? पोट्टीची पक्की नोकरी मीच गुंडाळून आणली होती.

मंग तो निरंजन आला. उंच, वाळका, डोक्याले बायकांसारखा अंबाडा. मले वाटलं, आता हा पोलीस बोलावते. त्यानं गाठोडं पाहिलं अन् हळूच विचारलं, "हे कोणी उचललं?" शालिग्राम तं कूलरवाल्या खोलीत जाऊन लपला. मी म्हटलं, "मी उचललं, बाबू. वारा सुटला होता. तुही कला बिघडली असन तं मले बोल, पण हे पोट्टीचं काम नाही, तिनं तं मले दारातूनच बजावलं होतं." तो खाली बसला, तिथंच, फरशीवर. म्हणते, "मावशी, मागच्या मे महिन्यात आई गेली. सगळं आटोपून मी गच्चीवर गेलो तर तिनं घातलेल्या कुरडया तशाच पडल्या होत्या. धुळीनं काळ्या झालेल्या. घरात एवढी माणसं होती, कोणाच्या लक्षातच नाही आलं उचलायचं." अन् गाठोड्यातून एक ओली कुरडई काढून पोट्टा खायला लागला अन् रडायला लागला, दोन्ही एकदमच. आता मी कोणाच्या मधात पडत नाही, पण असं लेकरू समोर रडत असन तं काय करावं? मी बी बसली खाली. म्हटलं, "मीठ जरा कमी आहे." तं हसला.

अन् उठून भार्गव सरांले म्हणते, "आता हेच माझं काम. दर रविवारी मी कुरडया घालणार अन् या मावशी उचलणार. मागच्या वर्षी जे कोणी केलं नाही, ते लोकांनी पाहावं." सरांचा चष्मा जागच्या जागी बसला. "मैं भी यही सोच रहा था," म्हणते! कधी सोचला होता हो? आत्ता तं भोंग्यासारखा ओरडून राहिला होता! देवश्रीनं धीर करून विचारलं, "सर, मेरा...?" "पहले प्रदर्शनी निपटने दो. आखिरी रविवार के बाद देखेंगे."

म्हणजे पोट्टीची नोकरी आली माह्या गुडघ्यांवर! गेटवर बोर्ड लागला: "हर रविवार, शाम चार बजे: कुसुम आंटी उठाएँगी." बीरगावहून लोक आले, अभनपुरहून गाडी करून आले! खुर्च्या मांडल्या. अन् आभाळात ढग आहे का? नाव नाही! असं लख्ख ऊन, पान हालत नाही, अन् मी दोरीवरून उडी मारून ओरडते, "अवं वारा सुटला वं!" समोरचे लोक वर पाहतात. एक चिमुरडी तिच्या मायले विचारते, "मम्मी, हवा कहाँ है?" अन् माही देवश्री बाजूले उभी राहून हळूच सांगते, "मम्मी, थोड़ा नैचुरल." नैचुरल! अवं, तू पाळण्यात होती तेव्हापासून धावून राहिली मी, नैचुरल मले शिकवते? एक दाढीवाले गृहस्थ कार्यक्रम झाल्यावर आले, वही-पेन घेऊन, "आपकी यह घबराहट किस चीज़ का प्रतीक है?" म्हटलं, "कुरडईचं." त्यांनी लिहून घेतलं! पण तुम्हाले खरं सांगते, दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मले मजा यायला लागली. टाळ्या पडतात हो. घरी इतकी वर्षं उचललं, आमच्या ह्यांनी कधी पेपरातून मान वर केली?

अन् आला शेवटचा रविवार. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीवर बसले. भार्गव सर पुढच्या रांगेत. मी पदर खोचला, दोरी ओलांडली, ओरडायले तोंड उघडलं... अन् खरंच आली! आंधी! अशी आली की खुर्च्या लोळल्या, बोर्ड गेटावरून सुटून गेला समोरच्या तलावाकडे, अन् लुगडं कुरडयांसकट वर उठून राहिलं! मी एक टोक धरते तं दुसरं उडते. म्हटलं, "अरे धरा कोणी! धरा हो!" अन् ते काय करून राहिले होते? टाळ्या वाजवून राहिले होते! "वाह! क्या बात है!" मोबाइल वर धरलेले, तोंडात माती जाऊन राहिली तरी टाळ्या! मी म्हटलं, "अरे खरंच वारा आहे! खरंच!" तं आणखी जोरात! निरंजन धावला, तं मधात लोकांची ही गर्दी, त्याले वाटच मिळेना. शालिग्राम एक पाय दोरीत, एक पाय बाहेर, सरांकडे पाहून राहिला. त्या क्षणी, तुम्हाले सांगते, मले त्या पोट्ट्याची गच्ची दिसली. एवढी माणसं, अन् उचलायले कोणी नाही. माहे डोळे भरून आले, धुळीनं नाही.

अन् कुठून तरी आवाज आला, "आई! ते टोक धर वं! ते नाही, ते डावीकडचं! धर नं लवकर!"

माही पोट्टी! नवी कोरी साडी, गळ्यात म्युझियमचा पट्टा, सँडल फेकून देलेल्या, दोरीवरून अशी उडी मारून आली! ज्या पोट्टीनं मले सांगितलं होतं, हातमोज्याशिवाय कोणत्या वस्तूले हात लागला तं नोकरी जाते, त्या पोट्टीनं उघड्या हातांनी लुगडं कवटाळलं, अन् एकही शब्द हिंदीत नाही! "दाब त्यावर! गुडघा ठेव! अवं उडून राहिली नं ते!" आम्ही दोघी मातीत लोळलो, चारही टोकं आवळली, गाठ मारली, अन् गाठोड्यावर डोकं ठेवून पडून राहिलो. वरून टप-टप थेंब पडायला लागले. "आई, लागलं का वं?" असं विचारलं तिनं. मी तिच्या केसातली माती झटकून राहिली होती.

वारा थांबला तं समोर भार्गव सर. केसात पाला, मागे लोकांच्या टाळ्या अजून चालूच. देवश्री उठली, हात मागे लपवले, मान खाली. मी म्हटलं, गेली नोकरी. आता तं मीच उठून सांगणार होती की सर, चूक माही आहे... तं सर तिच्याकडे पाहून म्हणते, "देवश्री, तुम्हारा पक्का. कल आकर ऑर्डर ले जाना." अन् मी देवाले हात जोडत होती, तोवर माह्याकडे वळले, "और आंटी, आपका भी पक्का. हर साल, पूरी गर्मी."

मले कोणी विचारलं? नाही नं! कोणीच नाही! पोट्टी तं तिथंच माह्या गळ्यात पडली, आई-आई करून राहिली, मंग मी नाही कशी म्हणू? म्हटलं, "हव सर." आता तिची नोकरी पक्की म्हणजे तिचं बरं आहे हो, साठ वर्षांची झाली की हार घालून, नारळ देऊन घरी पाठवतीन. माही तं साठी आधीच उलटून गेली... मले कवा सोडतीन, तेवढं विचारायचं राहूनच गेलं.