कोऱ्या गिटारीला बोट लावलं न्हाई

मी चाकूरकडचा. बाप जलशात ढोलकी वाजवायचा, मामा पेटीवर गायचे, आमच्या घरात लेकरू रडलं तरी सुरात रडायचं, काय सांगू तुम्हाला. मामाच्या गाण्याच्या पार्टीत बेंजो होता, गिटार न्हवती. ती मी नांदेडला राहून शिकलो, भोकरच्या एका आर्केस्ट्रावाल्याकडं, त्याच्याच जुन्या गिटारीवर. मामा म्हणले, स्वतःची आण, भीमजयंतीला तुला पुढं बसवतो. माझं सगळं ध्यान मग त्या एका जागेवर.

लातूर तवा नवंच जिल्हा झालं होतं. हापिसं आली, वाद्याचं मोठं दुकानबी आलं, पाऊस तेवढा आला न्हाई. दुष्काळ असा की वाळून वाळून दाराच्या फळ्यांत फटी पडल्या. त्याच उन्हात दुकानदारानं कलकत्त्याची इलेक्ट्रिक गिटार काचंत उभी केलेली, वर प्लास्टिक. मी हात पुढं केला तर म्हणला, हात लावू नका, कोरा माल हाय. सगळ्यांनाच म्हणत आसंल तो. पण आमच्या लोकांनी हे बोलणं लई पिढ्या ऐकलेलं, मला आतून लागलं, अन मी ताठ्यात म्हणलो, बांधा तशीच. वाजवून बघतो म्हणायचं राहूनच गेलं.

घरी मायनं ती बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवली, हार घातला. आमच्यात नवं वाद्य पहिल्यांदा जयंतीलाच वाजवायचं, तवर त्याला कुणी बोट लावत न्हाई. मीबी लावलं न्हाई.

जयंतीला सगळी वस्ती समोर. मांडवातच प्लास्टिक फाडलं, तारा सुरात लावल्या, अन वाजवाय गेलो तर तारा दांडीपासून ह्या एवढ्या वर, दाबता दाबंनात, दाबल्या की सूर चढून जाय. लाकूड वाळून आखडलेलं, दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली, बोटं कापून राहिली. मामा एका सुरात अन मी भलत्याच. लोक हसले. मामांनी पेटी थांबवली अन माईकवरच म्हणले, तुझ्या हातात सूर न्हाई, ऊठ.

उठलो. मला खरंच वाटलं, आपला हातच खोटा. पुढं कवातरी ती विकायला नांदेडला नेली, तर तिथल्या वाद्याच्या दुकानातल्या मिस्त्रीनं दांडीतली सळई चावीनं आवळून दांडीचा बाक काढला, तारा खाली घेतल्या, टोकं कानशीनं घासली अन दिली माझ्या हातात, म्हणला, बघा आता. वाजवली. लोण्यावाणी चालली. डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं न्हाई हो, संतापाचं. एवढंच काम, अन तेवढं कुणी करून दिलं न्हाई.

तशीच घेऊन मामाकडं गेलो, म्हणलो, एकदा ऐका. त्यांनी तवर दुसरा गिटारवाला घेतला होता. म्हणले, लाकडाला कशाला नावं ठेवतो. ऐकलं न्हाईच. पुढं न ऐकताच वारले ते.

त्याच मिस्त्रीच्या हाताखाली हे काम शिकलो, आता नांदेडच्या दुकानात बसून राहिलो. नवी गिटार आली की मी आधी खोक्यातून काढतो, नीट करतो, मग एक गाणं पुरतं वाजवून बघतो. मालकाला आवडत न्हाई, गिऱ्हाइकाला सीलबंद पाहिजे म्हणतो. बोलू दे. परवा एक गिऱ्हाईक उभ्यानं ऐकत राहिलं, म्हणलं, काका, हात लई गोड हाय, कोणत्या पार्टीत वाजवता? मी म्हणलो, कोणत्याच न्हाई, माल तपासून राहिलो. घेऊन जा, सुखानं वाजवा.